लंबी रोटीसाठी चांद्याच्या परकोटात

थप्प. मग काही क्षण काहीच नाही. मग पुन्हा थप्प, थप्प.

लग्नसराईत पहाटे भिंतीपलीकडून हा आवाज यायचा आणि मी गोधडीत डोळे मिटून ऐकत पडायचो. शेजारच्या काकू परातीतली पाणीदार कणीक दोन्ही हातांनी उचलायच्या आणि आपटायच्या, रबरासारखी ओढ येईपर्यंत. आमचे मराठीचे मास्तर तेव्हा टेबलावर छडी वाजवून वृत्तं शिकवत. लगागा लगागा लगागा लगागा. मला वाटे, काकूंची कणीकसुद्धा भुजंगप्रयातातच आहे. ताईला तसं सांगितलं, तर ती म्हणाली, "कविता नोय ते, लंबी रोटी होय. ऊठ आता, नाई तं तुह्या वाटची मी खाऊन टाकीन."

ज्यांनी ही रोटी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चुलीवर तवा नसतो, उपडं घातलेलं मातीचं मडकं असतं. कणकेचा गोळा हातावर झुलवत झुलवत पार कोपरापर्यंत लांबवायचा आणि ओला पंचा दोरीवर टाकावा तसा मडक्यावर टाकायचा. क्षणात फुगे येतात, क्षणात उतरते. खरपूस ठिपक्यांची, इतकी पातळ की पलीकडचा दिवा दिसावा.

ताई आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. मी नाशिकला माझ्या फ्लॅटमध्ये आणि ती दोन गल्ल्या पलीकडे लेकाकडे. पावसाळ्यात भाऊजी गेले, तेव्हापासून तिनं उंबरठा ओलांडलेला नाही. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. खाणं म्हणजे चहात बुडवलेलं बिस्कीट, नाहीतर सुनेनं डोळ्यांत पाणी आणलं तर चार चमचे पेज. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, खाल्लं पाहिजे. खाल्लं पाहिजे हे आम्हालाही कळत होतं.

थंडीच्या सुरुवातीला एकदा सहज विचारलं, "ताई, कशावर मन जातं का गं तुझं?" उत्तराची आशा सोडून मी वर्तमानपत्र उघडलं, तेव्हा भिंतीकडूनच आवाज आला.

"चांद्याची लंबी रोटी. पण ते आता कुठी..."

इतक्या महिन्यांत तिनं खाण्याच्या गोष्टीचं नाव काढलं, ते हे पहिलं. "चल माझ्याबरोबर, दोघं जाऊ," म्हटलं तर उत्तर नाही. मी एकट्याचं तिकीट काढलं.

नागपूर ते चांदा

रात्रीच्या गाडीनं सकाळी नागपूर. स्टेशनबाहेर संत्र्यांचे ढीग. एसटी स्टँडवरून चंद्रपूरची गाडी दर थोड्या वेळानं सुटते, खिडकीजवळ बसा. बुटीबोरी, जाम, वरोरा, भद्रावती. चार तास धरून चाला. कागदोपत्री चंद्रपूर झालं त्याला किती वर्षं लोटली, पण आमच्या तोंडात चांदाच. वरोऱ्याच्या पुढे कोळशाचे ट्रक सुरू झाले आणि वीज केंद्राच्या चिमण्या दिसल्या, तसा मी उगाच सरसावून बसलो, घर दिसणार असल्यासारखा. घर कुठलं? आमची भाड्याची खोली होती, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे.

जटपुरा गेटजवळच्या साध्या लॉजमध्ये उतरलो. गरम पाणी बादलीनं मिळतं, खिडकीच्या कट्ट्यावर रोज कोळशाची काजळी बसते, बाकी स्वच्छ. मॅनेजरला लंबी रोटीचं विचारलं तर तो म्हणाला, "बाबूजी, बांगडीवाल्या सलीमभाऊले घेऊन फिरा. पाहुण्यायले पायी पायी खाऊ घालत फिरवते तो."

सलीमभाऊंबरोबर पायी

सलीमभाऊंचं तीन पिढ्यांचं बांगड्यांचं दुकान. साठीचे, सडपातळ, मेंदी लावलेली दाढी. सकाळी दुकान मुलाकडे सोपवून ते एखाद्या पाहुण्याला घेऊन परकोटाच्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या, आत हिंडतात. माणशी तीनशे रुपये, खाणंपिणं त्यातच. एका वेळी एकच पाहुणा किंवा एकच कुटुंब, कारण, त्यांच्याच शब्दांत, "जास्त लोक असले का मले बोलायले मिळत नाई."

"तुम्ही कुठले?" त्यांनी विचारलं.

"इथलाच. चांद्याचा."

ते थांबले. "इथलेच? मंग गाइड कायले पायजे?"

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. ज्या गल्ल्यांतून डोळे मिटून शाळेत जायचो, तिथे मला वाट दाखवायला माणूस लागत होता. मी आपला म्हणालो, "खूप वर्षं झाली."

"चाला मंग. हरवले तं मी हाव."

जटपुरा गेटखाली तर्री पोह्यांनी सुरुवात. पोह्यांवर हरभऱ्याचा लाल रस्सा ओततात. सलीमभाऊंनी बजावलं, "घाम आला तं चालते, रडू नका, लोक समजतीन मी मारलं." गोंडराजांच्या काळची ती दगडी कमान, तिच्याखालून रिक्षा, सायकली, बकऱ्या, कॉलेजच्या पोरी. पूर्वी कमानीखाली आलो की आम्ही मुलं ओरडायचो आणि दगड आमचंच नाव परत द्यायचे. आता हॉर्नपुढे दगडांचं काय चालणार.

गोल बाजारात ताजी सांबारवडी. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे पुण्या-नाशिकच्या वाचकांनी लक्षात ठेवावं. थंडीतल्या कोवळ्या जुडीचं सारण, वरून खुसखुशीत पापुद्रा, सोबत कढी. मी दोन खाल्ल्या आणि दोन ताईसाठी बांधून घेतल्या. सलीमभाऊंनी विचारलं, कोणासाठी? तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी वड्यांचा पुडा माझ्या हातातून घेतला आणि पुढचा सगळा रस्ता स्वतःच सांभाळून धरला.

रामाळा तलावाच्या काठी मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या बायका उकडलेले शिंगाडे घेऊन बसल्या होत्या. काळं कवच दातानं फोडायचं, आत पांढरा गर. पाण्यावर धुकं होतं. मला शाळेतली कुठलीशी तळ्याची कविता आठवते का पाहिलं. चाल आठवली, शब्द नाहीत.

पठाणपुऱ्यात सलीमभाऊंच्याच घरी लिंबू पिळलेला काळा चहा. परकोटातल्या पिण्याच्या गोष्टी विचाराल तर हा एक, आणि दुसरी ती, जिच्याबद्दल सलीमभाऊ डोळा मिचकावून म्हणाले, "गडचिरोलीत बंदी हाय. म्हणून तिकडचे लोक वैनगंगा पार करून आपल्या चांद्याचा इतिहास पाहाले येतेत." भाभी आतून म्हणाल्या, "आणि तुम्ही त्यायले इतिहास दाखोता!"

"अवो, मी बांगड्या विकतो, बाटल्या नाई."

शेवटचा थांबा बिनबा गेटकडच्या पार्बताबाईंचा. या गावात लंबी रोटी करणारे हात आता थोडेच राहिलेत, आणि सलीमभाऊंच्या मते, त्यांतले खरे हे. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "ते सावलीले गेली. लग्न हाय तिथी. मडकंबी घेऊन गेली."

माझा चेहरा पाहून सलीमभाऊंनी घसा साफ केला. "उद्या दुकान बंदच ठेवाचं होतं मले," ते म्हणाले. उद्या शनिवार होता. बांगडीचं दुकान शनिवारी कोणी बंद ठेवत नाही.

सावली

सकाळी मूलमार्गे गडचिरोलीला जाणारी लाल गाडी, सावली हे गाव त्याच वाटेवर. चिचपल्लीच्या आसपास दोन्ही बाजूंनी जंगल रस्त्यावर येतं. साग आणि मोह, पानांवर लाल धूळ, मध्येच काठी टेकून थांबलेला गुराखी. कंडक्टर खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू, घोटत होता आणि निम्मी गाडी त्याच्या हाताकडे पाहत होती. मूल गाव सोडलं की जंगल मागे सरकतं आणि धानाची बांधी, म्हणजे भातखाचरं, सुरू होतात. कापणी झालेली, खुंटांमध्ये लाखोळीच्या डाळीचे कोवळे हिरवे कोंब.

मी म्हणालो, "सलीमभाऊ, आमंत्रण नाही, काही नाही. लग्नात कसं जायचं?"

"लग्नात कोणी कोणाले विचारते काय? पोरीवाले समजतेत पोराकडचे, पोरावाले समजतेत पोरीकडचे."

पण नवरीच्या वडिलांनी विचारलंच. शेतकरी माणूस, डोक्याला नवा फेटा. सलीमभाऊंनी ताईची गोष्ट दोन वाक्यांत सांगितली. त्यांनी माझा हात धरला आणि थेट मांडवामागे नेलं. "पार्बताबाई, यायले पयले बसवा. वऱ्हाड मंग."

तिथे चुलीपाशी त्या होत्या. ठेंगण्या, कोपरापर्यंत पिठाच्या हातांच्या. मडक्यावर एक रोटी, दुसरी हवेत. मला पाटावर बसवलं. रोटी मडक्यावरून उतरली ती सरळ माझ्या पानात, वर वांग्याचा लाल रस्सा. मी पहिला घास घेतला आणि मान खाली घातली. चुलीचा धूर होताच, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. जी खोली आता मोबाइलचं दुकान आहे, ती त्या घासात जशीच्या तशी होती. आई, गोधडी, आणि माझ्या वाट्याची पळवणारी ताई.

मग मी मुद्द्याचं बोललो. चार रोट्या बांधून द्या.

"नाई," पार्बताबाई म्हणाल्या.

"बाई, किती..."

"पैशाचं नाई हो. लंबी रोटी आम्ही बांधून देत नाई. माह्या सासूनं कधी देली नाई, मीबी देत नाई. मडक्यावरून उतरली का खाणाऱ्याच्या हातात. गावात कोणी म्हातारं असन, उठता येत नसन, तं मी मडकं घेऊन त्याच्या आंगनात जातो. पण बांधून? एकानं नेली व्हती नागपूरले. पापड झाला. सोयऱ्यायनं नाव कोणाचं घेतलं? माह्यं!"

"तिची खूप इच्छा आहे."

"इच्छा हाय तं आना तिले."

"ती येत नाही. भाऊजी गेल्यापासून घराबाहेरच पडत नाही."

त्यांनी नवा गोळा हातावर घेतला, झुलवला. "माह्या चुलीजवळ बसाले कोणाले लाज नाई, बाप्पा. म्हणा तिले, पार्बता बसून हाय. ह्या पोळ्यापासून पुढच्या पोळ्यापर्यंत बसीन, पण बांधून देणार नाई."

सलीमभाऊंनी मध्यस्थी करून पाहिली. "अवो बाई, आजारी माणूस हाय..."

"सलीम, तू बांगड्या घरपोच भरून देतोस काय? हात समोर पायजेच ना?"

चुलीभोवतीच्या बाया खदखदून हसल्या.

मी तरी माझ्या पानातली अर्धी रोटी ओल्या रुमालात गुंडाळली. पार्बताबाईंनी पाहिलं. म्हणाल्या, "न्या. पण पार्बतानं देली म्हणून सांगू नका."

परत

सांबारवड्या वर्ध्यापर्यंतच मऊ पडल्या. रुमालातली रोटी नाशिकला पोचेपर्यंत चामड्यासारखी झाली, कडेनं आंबूस. तरी संध्याकाळी ती घेऊन ताईकडे गेलो. तिनं उठून बसून पाहिली, एक कोपरा मोडला, नाकाशी धरला आणि परत ठेवला. "ही नाई," म्हणाली. आणि पुन्हा आडवी झाली.

माझ्याकडे आणखी काही नव्हतं. म्हणून जे होतं ते सांगितलं. जटपुऱ्याची कमान, रामाळ्याचं धुकं, पांढरे शिंगाडे, बंद न ठेवायच्या दिवशी दुकान बंद ठेवणारे सलीमभाऊ. पार्बताबाईंचं बोलणंही त्यांच्याच बोलीत, जसंच्या तसं. "म्हणा तिले, पार्बता बसून हाय." ताईची पाठ माझ्याकडे होती. ती जागी आहे की झोपली, कळलं नाही. दिवा लावायची वेळ झाली तसा मी निघालो.

जाणाऱ्यांसाठी एवढंच. थंडीत जा. उन्हाळ्यात चांद्याची दुपार माणसाला उभी भाजते. परकोट पायीच पाहा, आणि एकटे असाल तर सलीमभाऊंसारखा कोणीतरी सोबत घ्या, गाव तुमचं स्वतःचं असलं तरी. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला गाडीत सुचलं. गाव बदललेलं दिसलं की मान वळवून शेजाऱ्याला म्हणावंसं वाटतं, "पाहिलंस?" ते ऐकायला कोणी लागतं. मला खरं तर तिथे ताई हवी होती. सांबारवडीच्या कढीत, तळ्याच्या काठी, मांडवामागच्या पाटावर, प्रत्येक ठिकाणी माझ्या डाव्या हाताला एक जागा रिकामी होती. मी तिच्यासाठी चव आणायला गेलो होतो. आणली ती ही रिकामी जागा, आणि तिचं काय करायचं ते मला...

इथे लिहिणं थांबवावं लागलं, कारण दाराची बेल वाजली. सकाळची दुधाची वेळ टळून गेली होती. कोणी यायचं नव्हतं. दार उघडलं.

जिन्याच्या कठड्याला धरून ताई उभी होती. दोन गल्ल्या आणि दोन मजले. धाप लागलेली, केस घट्ट विंचरलेले, भाऊजींनी घेतलेली निळी नऊवारी अंगावर, पायांत सुनेच्या चपला. मागे सून, घाबरलेली आणि हसणारी, हातात कपड्यांनी फुगलेली कापडी पिशवी.

ताईनं आधी श्वास घेतला, मग माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी मी पाढे चुकलो की पाहायची.

"बापू," ती म्हणाली, "मी येत नाई म्हणून त्या बाईले कोणं सांगतलं रे?"