गिरडचा तंबू

दर जूनमध्ये शाळेच्या गेटवर कोणी ना कोणी आई मला गाठते. "ताई, तुमची मनू स्काउट-गाइडमधी होती नं? आमच्या पोरीले टाकू काय?" मी म्हणते, टाका, पण आधी चहा घ्या, कारण हे उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही. आमची बोरगाव मेघेच्या पुढे वांग्या-कोबीची वाडी आहे. वांगी आज तोडली की दोन दिवसांनी पुन्हा तेवढीच लागलेली दिसतात. पथकाच्या किश्श्यांचं तसंच आहे, एक सांगून होत नाही तोवर दुसरा तयार.

*

पहिल्या पालकसभेत सरांनी शिस्त, सेवा आणि स्वावलंबन यावर बराच वेळ सांगितलं. सर म्हणजे पथकाचे प्रमुख, शाळेत गणित शिकवतात. बोलून झाल्यावर पालकांनी एकच विचारलं, दहावीत जादा गुण मिळतात काय? मुलांनीही एकच विचारलं, तंबूत झोपायला मिळतं काय? सर दोघांनाही हो म्हणाले. डिसेंबरात गिरडला टेकडीच्या पायथ्याशी शिबिर, एक रात्र तंबूत!

मनू तेव्हा आठवीत होती. घरी आल्याआल्या तिनं मला बजावलं, "आई, गुणबिण मले नाई पायजे. मले तंबूत झोपाचं हाय."

बस, पोरीचं एवढंच मागणं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती गाठी शिकायला लागली. टमाट्याच्या काठ्या, गाईचं दावं, बापाच्या बुटांच्या नाड्या, काही म्हणून सोडलं नाही.

*

गाठी शिकवणं दिवाळीपर्यंत चाललं. मग शाळेत बड्या पाहुण्यांचा मोसम सुरू झाला, आणि गाठींच्या जागी टाळ्यांची प्रॅक्टिस आली. पाहुणे गाडीतून उतरले की कोणती टाळी, भाषण संपलं की कोणती, सगळं ठरलेलं. मुलं दोन रांगांत, गळ्यात स्कार्फ, हातात फुलांच्या पाकळ्या. पाण्याच्या बाटल्या मागे वर्गात, कारण फोटोत बरं दिसत नाही.

पाहुणे अकराला येणार होते, आले दीडला. तोवर रांगेतली एक पोरगी चक्कर येऊन पडली. मनूच्या टोळीनं तिला सावलीत नेलं, स्कार्फ सैल केला, पाय वर धरले, शुद्धीवर आल्यावर पाणी पाजलं. सगळं कसं पुस्तकात लिहिल्यासारखं. सर धावत आले, पोरगी बोलते आहे हे पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला आणि ते म्हणाले, "शाब्बास. चला, प्रथमोपचाराची परीक्षा यातच झाली!"

टोळीतल्या सगळ्यांना पास केलं. जी पडली होती तिला नापास, कारण तिनं काहीच केलं नव्हतं.

*

डिसेंबर आला. मनूनं सतरंजी, टॉर्च, तिळाचे लाडू, सगळं भरून ठेवलं. आदल्या दिवशी निरोप आला की शिबिर पुढे ढकललं. गावातल्या एका वजनदार माणसाच्या मुलाचं लग्न होतं आणि पार्किंगला माणसं कमी पडत होती. सेवा ती सेवाच!

लग्नाच्या संध्याकाळी मनूचे बाबा तिला आणायला स्कूटर घेऊन गेले. लॉनच्या फाटकाशी शिटी वाजली. पाहतात तर समोर मनू, हात आडवा केलेला.

"बाबा, इथं नोका लावू. इथं व्हीआयपी हाय."

"अवो, मी तुलेच न्यायले आलो."

"तरी बी तिकडं लावा. नाईतर सर मले बोलतीन."

बाबांनी स्कूटर तिकडे नाल्याजवळ लावली आणि पोरगी मोकळी होईपर्यंत तिथंच उभे राहिले. आत जेवणाच्या पंगती उठत होत्या. पथकाला जेवायला सांगायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. घरी येऊन हे मला म्हणाले, पोरगी शिस्त शिकली बरं. त्यांचा तो आवाज मला आवडला नाही.

*

एकदा सकाळीच सरांचा मला फोन आला. "ताई, वाडीतला कोबीचा पाला असंन तर टेम्पोभर पाठवून द्या." मला वाटलं, शाळेत खत करून राहिले असतील. चांगलं काम आहे म्हणून मी वाळका-ओला सगळा पाला पाठवला.

दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आले. सिंदीच्या एका मैदानावर स्वच्छता मोहीम! पाहुणे येणार म्हणून ते मैदान सकाळीच कोणीतरी लख्ख झाडून टाकलं होतं. मग मोहीम कशाची करणार? म्हणून कचरा आणवला होता, आमच्या वाडीतून. फोटोत पाहुण्यांच्या हाती नवा कोरा झाडू, आणि शेजारी मनू वाकून आमचाच पाला गोळा करते आहे.

त्याच सकाळी तिला म्हटलं होतं, वाडीतला पाला जरा आवर, तर म्हणाली, आज मोहीम आहे आई, वेळ नाही.

*

तुम्ही म्हणाल, सर वाईट होते. नाही हो. पोरांना गाठी शिकवताना त्यांना मी पाहिलं आहे, घंटा झालेली कळायची नाही. पण त्यांना वरून फोन यायचा, आणि फोन ठेवला की माणूसच बदलायचा. राग मला येतो तो ह्याचाच. फोन करणारा कधी मैदानावर आला नाही, आणि मैदानावर होता त्यानं कधी नाही म्हटलं नाही.

*

मनू नववीत गेली आणि पुढल्या डिसेंबरात पथक खरंच गिरडला निघालं. सतरंजी पुन्हा बाहेर आली. पोहोचल्याबरोबर मुलांनी टेकडीखाली तंबू ठोकले. मनूच्या टोळीचा सगळ्यांत आधी उभा राहिला, कुठे सुरकुती नाही. तिनं आत सतरंजी अंथरली, उशाला पिशवी ठेवली आणि मैत्रिणींच्या जागा वाटून दिल्या.

चारच्या सुमारास पाहुणे आले. तंबूच्या आत डोकावून फोटो, बाहेर उभं राहून फोटो, खुंटीवर हातोडा मारताना फोटो. गाडी गेली आणि सरांनी शिटी वाजवली. तंबू काढा, बस थांबली आहे. मुक्कामाची जबाबदारी घ्यायला वरून कोणी तयार नाही.

मनू म्हणाली, "पण सर, शिबिर?"

"झालं न शिबिर. फोटो निघाले सारे."

दिवेलागणीला ती घरी आली. जेवली नाही. लाडवांचा डबा हाताला तसाच जड लागला, मी तो उघडलाही नाही. मला फार लागलं, आणि कोणाला बोलावं तेच कळेना.

*

मार्चमध्ये समारोप झाला. आम्ही पालक समोर खुर्च्यांवर. प्रमाणपत्र देताना ह्या लोकांत हात मिळवतात तो डावा, उजवा नाही. सरांनी माईकवरून आम्हा पालकांना कारण सांगितलं. पूर्वी लढवय्ये डाव्या हातात ढाल धरत. समोरच्यावर पूर्ण भरवसा असेल तरच ढाल खाली ठेवून तो हात पुढे करत. म्हणून आमच्यात डावा हात. पालकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

एकेक मूल जाऊन डावा हात देऊन येत होतं. मनूचं नाव पुकारलं, सोबत "उत्कृष्ट गाइड" म्हणूनही सांगितलं. ती ताठ चालत गेली, सॅल्यूट केला. सरांनी डावा हात पुढे केला. तिनं उजवा.

सर हळूच म्हणाले, पण माईक चालू होता, "डावा, मनू. डावा दे."

"नाई सर," मनू म्हणाली. "हाच घ्या."

फोटोवाला कॅमेरा डोळ्याला लावून थांबला होता. सरांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग आपला डावा हात खाली घेतला आणि उजवा पुढे केला.