शंकरपाळ्यांचं छप्पर

बसवराजचा फोन आला तेव्हा मी बार्शीला लेकीकडे होते. "आत्या, आई गेली," एवढंच तो म्हणाला. दुपारी जेवून जरा पडली होती, ती उठलीच नाही. मी सोलापूरला पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. वहिनीला आमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे बसवलं होतं, कपाळावर विभूती, अंगावर हिरवं इरकली लुगडं. हात मांडीवर ठेवलेले… या हातांनी एकेकाळी एका शाळेचं छप्पर घातलं होतं, हे जमलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. आता काही आठवडे गेलेत, मन जरा थाऱ्यावर आलंय, म्हणून लिहायला बसले.

महादेवीवहिनी माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची बायको. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे लग्न होऊन आली तेव्हा मराठी अडखळत बोलायची आणि राग आला की सरळ कानडीत शिरायची. आमच्या घरात पत्र्याचं काम वडिलांपासूनचं. पन्हाळी, टाक्या, कारखान्यांची छपरं हे रोजचं. पण वडिलांची खरी ओळख होती ती जस्ताच्या शंकरपाळ्यांच्या छपराची. जस्ताचा पत्रा शंकरपाळीसारखा चौकोनी-तिरपा कापायचा, वरच्या दोन कडा पुढे दुमडायच्या, खालच्या दोन मागे. मग वळचणीपासून वर चढत जायचं. वरची शंकरपाळी खालच्या दोघींच्या दुमडीत अडकते आणि खिळे सगळे तिच्याखाली झाकले जातात. लांबून पाहिलं तर माशाच्या खवल्यांसारखं दिसतं. असं छप्पर वडिलांनी मुलींच्या एका शाळेच्या मनोऱ्यावर घातलं होतं, आणि पुढे त्याच शाळेत मी शिकवायला लागले.

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. उन्हाळ्यात एका वावटळीनं त्या मनोऱ्याची एक बाजू उचकटली. वडिलांच्या माघारी शाळेनं काम अर्थातच अण्णाला दिलं. आमच्या अंगणात पत्रे येऊन पडले. अण्णा कात्रीनं कापायचा आणि वहिनी लाकडी ठोकळ्यावर कडा दुमडायची. लग्नानंतर लगेचच ती हे शिकली होती. दुमड जास्त दाबली तर दुसरी शंकरपाळी आत शिरत नाही, सैल राहिली तर वारा धरतो. तिचा हात त्यात बसला होता. काम सुरू झालं, खालच्या ओळी लागल्या, आणि एका सकाळी परांचीचा बांबू निसटून अण्णा खाली आला. मी वर्गात होते. आवाज ऐकून धावले तेव्हा रज्जाकभाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मांडीचं हाड मोडलं होतं. जीव वाचला हेच खूप, असं डॉक्टर म्हणाले.

रज्जाकभाई अण्णाचे जुने जोडीदार. त्यांनी काम पुढे न्यायचा प्रयत्न केला, पण त्यांची सारी हयात पन्हळी पत्र्यांत गेलेली. एक ओळ तिरकी गेली आणि तिच्यावरची अडकेचना. "भाभी, ये मेरे हाथ का काम नै," ते घरी येऊन सांगून गेले. पाऊस तोंडावर आला होता. हे सगळं काढून साधे पत्रे ठोकून घेऊ, असं शाळेचे कारभारी म्हणायला लागले. त्या दिवशी वहिनी माझ्याबरोबर शाळेत आली, मनोऱ्याकडे मान वर करून पाहत राहिली आणि म्हणाली, "वन्सं, तुमच्या मोठ्या बाईंना विचारा. मी चढते म्हणावं."

मोठ्या बाईंनी रज्जाकभाईंना दोर नवा आणायला सांगितला आणि परवानगी दिली. घरात मात्र अण्णानं भिंतीकडे तोंड फिरवलं. आमच्या आईनं, अव्वानं, काही न बोलता अण्णाची जुनी पँट आणून वहिनीपुढे टाकली. ती आत घालून, वरून लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून वहिनी कामावर जाऊ लागली. रस्त्यावर माणसं थांबून बघायची. कुणी हसायचं, कुणी अण्णाच्या नावानं हळहळायचं. संध्याकाळी ती घरी यायची, हातपाय धुऊन अण्णाला भरवायला बसायची. तो घास घ्यायचा पण शब्द बोलायचा नाही. असे कितीतरी दिवस गेले.

एका रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात होते. बाहेर वहिनीचा आवाज चढलेला ऐकला. "लोक हसत्यात म्हणून बोलत न्हाय व्हय माझ्याशी?"

अण्णा अगदी बारीक आवाजात म्हणाला, "लोकांचं मरू दे. मी पडताना काय वाटतं ते बघितलंय. तू पडलीस तर मी हितनं उठून येऊ पन शकत न्हाय."

वहिनी म्हणाली, "मग हितं पडून नका ऱ्हाऊ. तितं येऊन बसा."

पाय जरा टेकवता यायला लागल्यावर अण्णा कुबड्या घेऊन टांग्यातून शाळेत आला. पटांगणातल्या कडुनिंबाखाली त्याला खुर्ची दिली. तो दिवसभर वर बघत बसायचा. सुरुवातीला मुकाट. नंतर मधूनच "निधान, निधान" म्हणायचा. कानडीत सावकाश. वहिनी वरून मान हलवायची. माझ्या वर्गातल्या मुलीही खिडकीतून "निधान" म्हणायला लागल्या होत्या.

शेंड्याचं काम राहिलं होतं त्या दिवशी वारा सुटला. मी वऱ्हांड्यात उभी होते. वहिनीच्या हातातली शंकरपाळी उडाली आणि छपरावरून खणखणत घसरत खाली आली. वर काय झालं ते झाडाच्या फांद्यांमुळे अण्णाला दिसेना. तो कुबड्या न घेताच उठला आणि तसाच जमिनीवर कोसळला. रज्जाकभाई वहिनीच्या कमरेचा दोर सोडू शकत नव्हते. मी धावले. तेवढ्यात वरून वहिनीचा आवाज आला, अगदी शांत, परसातून हाक मारावी तसा. "पत्रा पडला. मी हाय."

अण्णा मातीत बसूनच रडला. तो रडताना मी पाहिला तो तेवढा एकदाच. थोड्या वेळानं त्यानं ती पडलेली शंकरपाळी उचलली, चेपलेली कड बोटानं सरळ केली आणि माझ्याकडे दिली. "वर पाठव. लागंल तिला."

छप्पर पुरं झालं. त्या पावसाळ्यात मनोऱ्याखालच्या सभागृहात थेंब आला नाही. अण्णाचा पाय मात्र आखूड राहिला, तो पुन्हा उंचावर चढला नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं तो खाली कापायचा आणि ती वर लावायची. शहराच्या पूर्व भागातल्या एका विणकराच्या घराची पावसानं भिजणारी भिंत त्यांनी अशीच मढवली, पुढे आणखी दोन-तीन कामं मिळाली. मग सिमेंटची घरं वाढली आणि शंकरपाळ्या कुणाला नको झाल्या. वहिनीनं त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही.

उरलेल्या पत्र्यांतून तिनं आमच्या घराची मागची, पश्चिमेची भिंत मढवली होती. स्वतःसाठी केलेलं तिचं हे एकच काम. दिवसभर ती भिंत तापते आणि ऊन उतरलं की निवताना पत्रे टक् टक् वाजतात. तो आवाज आला की वहिनी म्हणायची, "निवली बगा भिंत. चहा टाकते." घरात चहाला घड्याळ लागत नसे.

माती दिल्यापासून मी इथंच आहे. अण्णा नव्वदीकडे झुकलाय, संध्याकाळी परसात खुर्ची टाकून बसतो. काल ऊन उतरलं, भिंत वाजायला लागली. अण्णानं मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. बसवराज, सूनबाई, मी, सगळेच तिथं होतो. कुणी हललं नाही… भिंत वाजत राहिली. मग मी उठले आणि आधण ठेवलं.