तुळशीरामने चिलीम पुढे दिली

देऊळघाटच्या तुळशीरामने बिडी सोडली, तेव्हा ही बातमी गावात कोणाला कळायची राहिली नाही. मेथीच्या जुड्या बांधताना तो सांगायचा, बुलढाण्याच्या बाजारात गिऱ्हाइकाच्या पिशवीत वांगी टाकताना सांगायचा. "बंद म्हंजे बंद! खिशात माचिस बी ठेवत नाई मी." बायको अन्नपूर्णा शेजारी बसून कोथिंबिरीवर पाणी शिंपडत असायची. ती गालातल्या गालात हसायची आणि गप्प राहायची.

तुळशीरामला एचआयव्ही आहे, तोही कित्येक वर्षांपासूनचा. सरकारी दवाखान्यातली गोळी तो रोज जेवण झालं की घेतो, अन्नपूर्णा पाण्याचा तांब्या पुढे करते, आणि तो विषय तिथेच मिटतो. गोळ्यांनी माणूस असा सावरला आहे, की भाजीचे कॅरेट एकटा उचलून गाडीत चढवतो.

सुरुवातीला मात्र फार वाईट गेले दिवस. आजाराचं गावात फुटलं आणि चहाच्या टपरीवर त्याच्यासाठी कान तुटलेला कप वेगळा निघाला. त्या दिवसापासून त्याने घराबाहेर पडणंच सोडलं. शेवटी गावातले म्हातारे अर्जुनराव स्वतः घरी आले आणि त्याला हाताला धरून महादेवाच्या देवळामागे घेऊन गेले. तिथे रोज संध्याकाळी चार जुने सोबती गांजाची चिलीम ओढत बसतात. अर्जुनरावांनी चिलीम कपाळाला लावली, दम मारला आणि चिलमीच्या तोंडाला गुंडाळलेलं, आपल्या ओठांनी ओलं झालेलं फडकं न बदलता ती तशीच तुळशीरामच्या हातात दिली. "वढ बे. इथं तुयासाठी काई वेगळं नाई." तुळशीरामचे डोळे भरून आले. धूर डोळ्यांत गेला, असं त्याने सांगितलं आणि सगळ्यांनी ते मानून घेतलं.

बिडी सुटली, पण खोकला काही सुटेना. दवाखान्यातल्या समुपदेशक सारिकाताईंनी विचारलं, तर हा छाती पुढे काढून म्हणाला, "ताई, महादेवाची आन, बिडीले हात नाई लावला."

सोबत आलेली, इतके दिवस गप्प असलेली अन्नपूर्णा तेव्हा उसळली. "अन् देवळामागं काय अगरबत्ती वढता काय? बिडी सुटल्यापासून तं रोजच जाऊन राह्यले तिकडं!"

तुळशीराम चिडला. "ते येगळं हाय! तो परसाद हाय!"

ताई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "दादा, चिलमीत काय काय भरता?"

"गांजा, दुसरं काय? चुरगाळून त्याच्यात थोडी तंबाखू..." आपण काय बोललो, ते त्याला स्वतःलाच ऐकू आलं. इतके महिने गावभर दवंडी पिटली, आणि तंबाखू आपली रोज पोटभर चालूच!

"गोळ्या त्यांचं काम चोख करतायत," ताई म्हणाल्या. "आता छाती सांभाळा. गांजाचा धूरही तिला नकोच आहे."

घरी येताना तो गाडीत तोंड फिरवून बसला. अन्नपूर्णाला वाटलं, नशेची ओढ असेल. तीही होतीच, पण तुळशीरामला खरी भीती वेगळीच होती. ज्या चिलमीने त्याला माणसांत परत आणलं, ती हातातून गेली तर ती जागाही जाणार, आणि तो पुन्हा त्या कान तुटलेल्या कपाशी येऊन बसणार.

दुसरा दिवस उजाडला. न जाण्याची सबब त्याने दिवसभर शोधली आणि संध्याकाळी मुकाट्याने गेला. चिलीम फिरत फिरत त्याच्याकडे आली. त्याने ती कपाळाला लावली आणि दम न मारता पुढे, शेजारी बसलेल्या गोकुळच्या हातात दिली.

"काऊन बे?" अर्जुनरावांनी विचारलं.

"छाती नाई म्हनते, आबा. आता वढत नाई मी. बसू ना इथं?"

अर्जुनरावांनी उत्तराऐवजी पावसाचं काढलं. गप्पा पावसावरून सोयाबीनवर गेल्या. तुळशीरामला वाटलं, झालं, संपलं आपलं इथलं. चपला कुठे काढल्या, ते तो नजरेने शोधू लागला.

इतक्यात गोकुळने किटलीतला चहा पेल्यांत ओतला. अर्जुनरावांनी आपला पेला उचलला, सावकाश फुर्र फुर्र करत अर्धा संपवला आणि उरलेला तुळशीरामच्या हातात दिला.

"पे बे. माहा उष्टा हाय. चिलीम नाई तं नाई, तू कुठं चालला?"

वारा सुटला होता आणि धूर पार पलीकडे शेतावर चालला होता. तुळशीरामचे डोळे गळत होते, आणि या खेपेला त्याने धुराचं नाव घेतलं नाही. त्याने तो चहा तळापर्यंत प्यायला.