निम्म्या भावातली नाणी

तुमच्या घरात मोबाइलवर गेम खेळणारं जे माणूस आहे, त्याचा पासवर्ड आणखी कोणाकोणाला माहीत आहे, हे तुम्ही कधी विचारलंय? मी विचारलं नव्हतं.

माझे वडील सोलापुरात चादरीच्या कारखान्यात माग चालवायचे आणि युनियनची पत्रकं लिहायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. कारखाना बंद पडला तशी त्यांच्याबरोबरची माणसं पांगली. एक भिवंडीला गेला, एक मुलाकडे कुर्डुवाडीला, एक सुरतेला. मग कोणीतरी मोबाइलवरचा कॅरमचा गेम शोधून काढला. संध्याकाळी वडील आपल्या अकाउंटवरून टेबल उघडायचे, एकेक जण येऊन बसायचा आणि आमची खोली त्यांच्या आवाजांनी भरून जायची.

"अण्णा, हात थरथरतोय काय बे? राणी समोर पडलीय की!" हा सुरतवाला.

"तू गप. मागावर तुटलेला धागा दिसत नव्हता तुला, राणी बरी दिसती!" हे वडील.

टेबल उघडायला गेममधली नाणी लागत. वडील सपाटून हरले आणि नाणी संपली. आता खरे पैसे देऊन ती विकत घ्यायची होती. मी म्हटलं, "गेममध्येच दुकान आहे. तिथून घेऊ."

"कंपनीच्या दुकानातनं?" ते भडकले. "मालकाच्या कँटीनमध्ये मी कधी चहा पण पिलो न्हाई."

मला ते मनापासून पटलं. आजही अर्धं पटतं.

त्याच सुमारास त्यांच्या फोनवर एक मेसेज आला. 'खेळाडू बंधूंनो, गेम कंपनीची लूट आणखी किती दिवस सोसणार? एकजूट करा! नाणी निम्म्या भावात.' वडिलांनी तो उभं राहून वाचला, कारखान्याच्या गेटवर वाचायचे तसा.

"लिवलंय बघ कसं!"

"धार आहे," मी म्हणाले.

आमच्या घरात एक नियम होता. पत्रक हातात आलं की आधी तळाशी बघायचं. खाली नाव नसेल तर ते मालकानंच छापून घेतलंय असं समजायचं. हा नियम वडिलांनीच मला शिकवला होता. त्या दिवशी आम्ही दोघंही वरच्या ओळींवरच खूश होतो. खाली नाव नव्हतं.

नाणी भरण्यासाठी म्हणून विकणाऱ्यानं आयडी आणि पासवर्ड मागितला. वडिलांनी दिला. नाणी आली, आणि त्या संध्याकाळी सुरतवाल्यानं त्यांना 'शेठ, शेठ' म्हणून हैराण केलं. पुढच्याच आठवड्यात अकाउंट बंद झालं. ती नाणी कोणा तिसऱ्याच माणसाचं बँकेचं कार्ड चोरून घेतलेली होती, असं कंपनीच्या मेसेजमध्ये लिहिलं होतं. आम्ही कंपनीला परत परत लिहिलं, उत्तर दर वेळी तेच, मशीननं पाठवलेलं. विकणाऱ्याचा फोन तर कधीच बंद झाला होता.

वडिलांनी नवं अकाउंट काढलं. भिवंडी आणि कुर्डुवाडीला फोन लावले, ते दोघं परत आले. सुरतवाल्याचा नंबर मात्र लागेना. नंबर बदलल्याचं तो मध्ये बोलला होता, पण रोज भेटणाऱ्या माणसाचा नवा नंबर कोण लिहून घेतो? त्या दोघांनीही घेतला नव्हता. तो नातवाच्या फोनवरून थेट टेबलावर यायचा. ते टेबलच आता नाही. नव्या नावाखाली आपला अण्णा बसलाय, हे त्याला कळायचं कसं?

वडील अजूनही चौथी जागा रिकामी ठेवतात. कोणी अनोळखी आत आला की आधी त्याचा आवाज ऐकतात, मग त्याला बाहेर काढतात. "खेळायला घ्या की त्याला," मी एकदा म्हटलं. "त्यो आला तर बसंल कुटं?" एवढंच ते म्हणाले.

कंपनीच्या दुकानाची बाजू घ्यायची वेळ माझ्यावर यावी, याचा मला संताप आहे. खोटी नाणी खऱ्या पैशांना विकणं ही लूटच आहे. पण त्या लुटीविरुद्ध ओरडत दारात आलेला प्रत्येक जण आपला नसतो.

म्हणून एवढं करा. आज संध्याकाळी तुमच्या घरातल्या खेळणाऱ्या माणसाशेजारी बसा. पासवर्ड कोणाला दिला असेल तर तिथल्या तिथे बदलायला लावा. नाणी घ्यायचीच असतील तर गेमच्या आतल्या दुकानातूनच घ्या. आणि डाव सुरू होण्याआधी समोरच्या प्रत्येकाला त्याचा फोन नंबर विचारून कागदावर लिहून ठेवा.