बाळ गेल्यानंतरचे दूध

बाळाच्या आजीने दुधाची वाटी माझ्यापुढे धरली. ज्याच्यासाठी ते दूध होते, ते बाळ सकाळीच गेले होते. आजीला ते ठाऊक होते. खालच्या वॉर्डात झोपलेल्या आईला नव्हते.

"घेवा, ब्रदर. परत न्हेलंय तर तिका संशय येतलो."

गोव्यातील एका सरकारी इस्पितळाच्या नवजात अतिदक्षता कक्षात मी स्टाफ नर्स होतो. पुरुष परिचारकाला सगळे 'ब्रदर' म्हणत. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला चोखता येत नाही. आई दूध पिळून वाटीत देते आणि आम्ही ते नाकातून पोटात सोडलेल्या बारीक नळीने भरवतो. कोरगावच्या या आईचे सिझेरियन झाले होते. बाळासाठी तिला करता येण्याजोगे तेवढे एकच काम होते.

सकाळी बाळ गेले तेव्हा मी डॉक्टरांना म्हणालो, "आईला व्हीलचेअरवर आणतो. एकदा पाहू दे."

आजी आडवी आली. "टाके ओले हत तिचे. घराक न्हेऊन आमीच सांगतलव."

"निर्णय कुटुंबाचा आहे," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही भावनेच्या भरात बोलू नका."

बापाने देह गावी नेला. दुपारपर्यंत तो पुरलाही गेला. आजीने पुढे धरलेली वाटी मी घेतली आणि दूध बेसिनमध्ये ओतले. कक्षात इतर बाळे होती. त्यांच्या कामात थांबायला वेळ नव्हता.

संध्याकाळी आई स्वतःच आली. एक हात भिंतीला, दुसऱ्यात वाटी.

"ब्रदर, बाळान दूध घेतल्यान? आता जास्ती इला."

मी डॉक्टरांकडे पाहिले. ते केसपेपर वाचू लागले.

"बाय, बस."

"बसनंय नाय. सांगा."

मी सांगितले. ती रडली नाही.

"खंय आसा?"

"गावी नेले. पुरले."

"आणि दुपारचा दूध?"

"ओतले."

"तोंड तरी दाखवूचा होता माका," ती म्हणाली आणि वाटी माझ्या टेबलावर ठेवून भिंत धरत परत गेली.

आजीने तक्रार केली. मला लेखी समज मिळाली.

पुढे मी इन्चार्ज झालो, तेव्हा एकच नियम सक्तीचा केला. बाळ गेले की आधी आईला बोलवायचे. नातेवाइकांचे मत त्यानंतर. भावना आवरायला आम्हाला प्रशिक्षणात शिकवले होते. कोणाच्या सोयीसाठी आवरायच्या, ते मात्र नोकरीतच कळले.