सहाच्या पायाखालची रेघ

अकोल्याला आमच्या कारकुनांच्या क्लबात रविवारी दुपारी हाऊजी चाले आणि आकडे पुकारण्याचा मान माझा असे. गोऱ्या साहेबांच्या क्लबात मी एकदा खुर्च्या मांडायला गेलो होतो, एवढीच माझी पात्रता. तिकडे पूर्ण तिकीट भरले तरच 'हाऊस' म्हणतात, आपल्याकडे एका ओळीलाही बक्षीस, असे मी विलायतेहून परतल्यासारखा सांगे.

जुन्या शहरातला एक भाजीवाला माळी नेहमी माझ्यासमोर बसे. तिकिटावरच्या पुकारलेल्या आकड्यांवर चिंचोके ठेवी आणि प्रत्येक आकडा स्वतःशी दोनदा पुटपुटे.

त्या रविवारी पूर्ण तिकिटाला बक्षीस कंदील होता. "मले फकस्त सहा पाह्यजे, बाबूजी. पहाटे भाजी न्यायले लय अंधार असते," तो म्हणाला.

मी पिशवीतून इंग्रजी आकड्याची लाकडी चकती काढली आणि ऐटीत "नाइन!" पुकारले. हेडक्लार्कचा मेहुणा "हाऊस!" म्हणून ओरडला. कंदील त्याच्या हाती गेल्यावर माझे लक्ष गेले. चकतीचे भोक आकड्याच्या वर असायला हवे, माझ्या हातात ते खाली होते. आकडा सहा होता, मी तो उलटा वाचला होता. मी चकती मुकाट्याने पिशवीत टाकली.

पुढच्या रविवारी माळ्याने तीच चकती मागून घेतली; समोरून त्याला ती सुलट दिसली होती. खुरप्याच्या टोकाने त्याने सहाखाली रेघ ओढली.

"आता नाई चुकाचे तुमी, बाबूजी."

ही युक्ती मला सुचली, असे मी जन्मभर सांगत आलो. रेघ त्याची होती. कंदीलही त्याचाच होता.