भासऱ्यांचा पंचनामा

मेलेल्याकडं बघून मारणाऱ्याच्या मनातलं सांगणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझ्याच घरात निघायचा होता! आमचे भासरे, म्हणजे आमच्या ह्यांचे थोरले भाऊ. उभी हयात गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करण्यात गेली. निवृत्त होऊन इंझोरीला आले ते जखमा वाचायची खोड सोबत घेऊनच. भिंतीवर चिरडलेला डास दिसला की चष्मा सरसावून म्हणणार, "हा रागानं नाही मारला, सवयीनं मारला." ताटातला कांदाही सुटायचा नाही. फोड उचलून माझ्या नवऱ्याला हळूच सांगायचे, "सुरी रागात चालली हाय. आज गुपचूप जेवून उठ." राग असायचाच, पण तो चव्हाट्यावर कशाला मांडायचा, म्हणते मी!

पण त्याच खोडीपायी आमच्या राणीचा निवाडा झाला. राणी आमची कुत्री. नुकतीच व्यालेली, पण पिल्लं कुठं लपवलीत ते कोणालाच ठाऊक नव्हतं. एका सकाळी शेजारचे दगडूभाऊ काठी घेऊन दारात. त्यांची शेळी आमच्या खळ्यात मरून पडलेली आणि राणीच्या तोंडाला रक्त. "चटक लागली तिले. आज शेळी, उद्या लेकरू. सोडत नाही मी!"

भासरे काठीच्या आणि राणीच्या मधे ठाण मांडून बसले. "आंधी पंचनामा, मंग फाशी." मग सगळ्यांना खळ्यात नेऊन अर्धा तास शेळी न्याहाळली आणि म्हणाले, "खून हिनंच केला." मी कपाळावर हात मारून घेतला. "पन खाल्लं काईच नाही, म्हंजे भूक नव्हती. मांगून धरलं नाही, म्हंजे शिकार नव्हती. नाकावर समोरून चार ओरखडे. चार डाव 'मांगं सर' म्हनून राह्यली होती. शेळी सरली नाही, तवा गळा धरला. हे भेव हाय दगडू, मायचं भेव."

"काईबी सांगून राह्यले तुमी!" दगडूभाऊ खेकसले. भासरे उठले आणि शेळीजवळच्या तुराट्यांच्या ढिगात त्यांनी सरळ हात घातला. राणी झेपावली, मनगटाला चावली. तरी हात मागं घेतला नाही. बाहेर आला तेव्हा मुठीत डोळे न उघडलेलं पिल्लू होतं.

दगडूभाऊंनी काठी खाली केली. "माही शेळी बी दोन लेकरांची माय होती," एवढंच बोलले आणि काठी घेऊन घरी गेले. शेळीच्या त्या दोन करडांना बाटलीनं दूध पाजायला भासरे महिनाभर न बोलावता त्यांच्या दारात जात होते.

राणी गेल्या पावसाळ्यात गेली. भासऱ्यांना आता नीट दिसत नाही. कांद्यावरून माझी अब्रू जायची थांबली, आणि खरं सांगते, मला ते सुनंसुनं वाटतं. परवा ओट्यावर बसून मनगटावरच्या वणावरून अंगठा फिरवत होते. मला बघून हात पुढं केला.

"पाह्य बाई, एकच दात रुतला. बाकीचे उचलले तिनं. वळखलं होतं मले."